रजईच्या कापसात गोळे झाले तर

दिवाळी आटोपली की आपल्याकडे पांघरुणे उन्हात पडू लागतात. हैदराबादची थंडी ती केवढी, डिसेंबर-जानेवारीतली पाच-सहा आठवड्यांची. पण तेवढ्यासाठी माळ्यावरच्या रजया, दुलया, लेप खाली येतात आणि घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, की कापूस एकीकडे गेला. मध्ये नुसती खोळ, पायाशी डोंगर आणि कडेला गोटे. नवी रजई शिवायला घेणाऱ्यांचे रडगाणेही फारसे वेगळे नसते. दुकानातून आणलेला कापूस उघडावा तर कुठे जाड, कुठे पातळ. तयार शीट आणावी तर ती घड्या पडलेली नाहीतर एका बाजूला तिरकी कापलेली.

आम्ही दोघे निवृत्तीनंतर जामबागच्या घरी रजया शिवतो. एकाचा हात सुईवर, दुसऱ्याचा वजनकाट्यावर. बँकेत जन्म गेल्यावर मोजमापाची खोड जात नाही. ओळखीची मंडळी आपापली गाठोडी घेऊन येतात आणि विचारतात, हा कापूस ठेवायचा की टाकायचा? त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. लोक जो कापूस टाकून देतात त्यातला बराचसा टाकण्याजोगा नसतो. आणि थोडा असा असतो, की तो काही केल्या घरात ठेवू नये. या दोहोंतला फरक ओळखता आला की बाकीचे काम हाताचे आहे.

गोळे का होतात

कापसाचा तंतू वाळला की चपटा होतो आणि फितीसारखा स्वतःभोवती पिळला जातो. या पिळांमुळे एक तंतू दुसऱ्यात अडकतो, मध्ये हवा कोंडून राहते, आणि ऊब देते ती ही कोंडलेली हवा. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, त्यामुळे लोकर एकमेकीला घट्ट धरते. कापसाला खवले नाहीत. त्याचा थर टिकतो तो केवळ तंतूला तंतू घासून. त्यावर रोज अंगाचा भार पडला, घाम आणि दमट हवा लागली, की तंतू दबतात आणि वाळल्यावर त्याच आकारात राहतात. ओल्या कपड्याला पडलेली चुणी वाळल्यावर तशीच राहते ना, तसे. गोळ्यातला तंतू बहुधा तुटलेला नसतो, मिटलेला असतो.

ओलाव्याचे महत्त्व आम्हाला आदिलाबादने शिकवले. नोकरीतली काही वर्षे तिथे गेली. कापसाच्या मोसमात तिथे दुसरा विषय नसतो. गोदामात तारण ठेवलेल्या गासड्या मोजायला जावे लागे. आपल्या देशात एक गासडी १७० किलोची धरतात. सरकारी खरेदीत कापसात ८ टक्के ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि १२च्या वर गेला की गाडी परत. त्या चार टक्क्यांवरून बाजारात केवढी हमरीतुमरी होई! घरच्या रजईला मात्र हा हिशेब कोणी लावत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकलेली रजई आतल्या आत ओल धरते आणि वर ट्रंकेचा भार असला तर ती ओल गोळे होऊनच बाहेर येते.

दुसरे कारण टाक्यांचे. सुटा पिंजलेला कापूस असेल तर टाक्यांच्या ओळींत चार बोटांहून जास्त अंतर ठेवू नये. हल्ली दुकानातल्या रजयांना वीत-वीतभर अंतरावर यंत्राची शिलाई असते. दिसायला देखणी, पण आतल्या कापसाला धरायला कोणी नाही. एका हिवाळ्यात तो खाली सरकतो आणि आपण म्हणतो कापूस वाईट होता.

तिसरे कारण खुद्द कापसाच्या जातीचे. देशी जातींचा तंतू आखूड, जाडसर आणि ताठ. सूत काढायला तो फारसा कामाचा नाही. गाद्या-रजयांना, औषधी कापसाला मात्र उत्तम, कारण दाबला तरी उसळून वर येतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आता बाजारात येतो तो बहुतेक लांब, बारीक तंतूचा. सूतगिरणीला तो हवाच असतो. पण बारीक तंतू, त्यातही बोंडात नीट न पिकलेला, लवकर गुंततो आणि त्याच्या मोहरीएवढ्या गाठी होतात. ‘पूर्वीच्या रजया वर्षानुवर्षे टिकायच्या’ या वाक्यात आठवणींचा गोडवा असेल, पण थोडे तथ्यही आहे.

आधी नीट पाहा

कात्री हातात घेण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, रजई दोन दिवस कडक उन्हात घाला आणि उन्हाच्या आधी व नंतर वजन करा. आधीचे आणि नंतरचे वजन जवळपास सारखे असेल तर ओल नव्हती, दोष दुसरीकडे आहे. किलोमागे पन्नास-साठ ग्रॅम उतरले तर निम्मे निदान झाले. दुसरी, ती दोघांनी धरून खिडकीच्या उजेडासमोर उभी करा. खोळ गडद रंगाची असेल तर खोलीत अंधार करून मागे दिवा धरा. पातळ जागा उजळ दिसतात, गोळे काळे. खडूने खोळीवरच खुणा करून ठेवा.

खुणा पाहिल्या की कळते, कापूस सगळीकडे मिटला आहे की नुसता सरकला आहे. नुसता सरकला असेल तर उसवू नका. कडेची एक बाजू हातभर उघडा, लांब पट्टीला किंवा लाटण्याला कापड गुंडाळून आत घाला आणि वरून हाताने थापटत कापूस हळूहळू जागेवर आणा. मग त्या भागात जवळ जवळ धावदोरा घाला. दुपारभराचे काम आहे.

सगळीकडे गोळे असतील तर मात्र खोळ उसवून कापूस बाहेर काढावा लागतो. तो गच्चीवर नको, वाऱ्याने उडतो. बंद खोलीत जुनी चादर अंथरा आणि नाकाला रुमाल बांधा. मग निवडायला बसा.

चार ढीग

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जांचे चार वर्ग होतात: स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. कापूस निवडताना आम्ही हेच चार ढीग घालतो. पहिल्यांदा गमतीने नावे दिली, आता घरात तीच रूढ झाली आहेत.

मूठभर कापूस घट्ट दाबा आणि पाच मोजून सोडा. मूठ उघडताच फुलून वर आला तर तो पहिला ढीग. त्याला नुसते हाताने सैल केले तरी पुरते. दाबलेला तसाच राहिला, पण दोन हातांच्या बोटांनी अलगद ओढल्यावर धागे-धागे सुटू लागले, तर तो दुसरा. हा पिंजाऱ्याकडे न्यायचा. बहुतेक जुन्या रजयांतला निम्म्याच्या आसपास कापूस या दुसऱ्या ढिगात जातो आणि नेमका तोच लोक कचरागाडीत टाकतात.

ओढला की पिठासारखा तुटतो, पिवळा पडून कडक झाला आहे, आत रंगीत दोरे किंवा चमकणारे तंतू दिसतात, असा कापूस तिसऱ्या ढिगात. रंगीत दोरे दिसले की समजावे, भरणाऱ्याने चिंध्या पिंजून मिसळल्या आहेत. चमकणाऱ्या तंतूंचा चिमूटभर झुबका चिमट्यात धरून पाण्याच्या ताटावर पेटवून पाहा. कापूस कागदासारखा जळतो आणि बोटाने पुसली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. कधी कधी ही चमक सावरीच्या कापसाची असते. सावरीचा तंतू गुळगुळीत आणि ठिसूळ. तो उशीत छान, रजईत नाही, कारण त्याला पकड नसते आणि टाक्यांतूनही तो निसटत राहतो. तिसऱ्या ढिगातून पाटावरची आसने, दारापुढची पायपुसणी, फार तर लोडाचे पोट भरावे. पांघरुणात तो घालू नये.

चौथ्या ढिगाबद्दल आमचा हट्ट आहे. बुरशीचे काळे-हिरवे ठिपके, उन्हात घालूनही न जाणारा कुबट वास, उंदराचा वावर, ढेकूण, किंवा आजारी माणसाच्या अंथरुणातला डाग लागलेला कापूस, याला पिंजून नवा करता येत नाही. पिंजल्याने बुरशी मरत नाही; उलट तिची धूळ सगळ्या कापसात पसरते आणि दम्याच्या माणसाच्या छातीत जाते. आठवण म्हणून जपायची असेल तर खोळीचे कापड धुऊन जपा. कापूस बुडीत खात्यात टाका आणि मोकळे व्हा.

निवडताना काळे कणही दिसतील. ते सरकीचे तुकडे आणि पानाचा कचरा. सरकी चिरडली गेली की तेल सुटते आणि खोळीवर पिवळे डाग उमटतात, म्हणून मोठे तुकडे वेचून काढा. बारकी कसर राहिली तर बिघडत नाही. अमेरिकेतल्या जुन्या रजया उजेडाकडे धरल्या की आत असेच ठिपके दिसतात. त्यावरून ती रजई १७९३ साली व्हिटनीने सरकी काढायचे यंत्र केले त्याच्याही आधीची, असे तिकडे बरीच वर्षे मानत. ते काही खरे नाही. यंत्राने काढलेल्या स्वस्त कापसातही सरकीचे तुकडे राहतच होते.

पिंजाऱ्याकडे

आमच्या लहानपणी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीत येई आणि तातीचा टणत्कार ऐकला की आया गाद्या बाहेर काढत. ती मोठी धनुकली छताला किंवा खांबाला टांगायची, तात कापसात बुडवायची आणि लाकडी ठोकळ्याने ती छेडायची. तात थरथरली की गोळ्यातले तंतू एकेक होऊन उडत आणि बाजूला पडताना आडवेउभे पसरत. कापूस न तोडता मोकळा करणारे याच्याइतके हळुवार साधन आम्ही पाहिले नाही.

तेलंगणात हे काम परंपरेने दूदेकुल समाजाचे. तेलुगूत दूदी म्हणजे कापूस. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात. हैदराबादेत नद्दाफ म्हणतात, महाराष्ट्रात नदाफ, पिंजारी, मन्सुरी ही आडनावे आजही सगळीकडे आढळतात. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की खादीसाठी पेळू हवे होते तेव्हा गंगाबेननी शोधलेल्या पिंजाऱ्याने महिन्याला ३५ रुपये मागितले, आणि त्या वेळी ती रक्कम त्यांना जास्त वाटली नाही. त्या काळचे ३५ रुपये! या कारागिरीला मोल होते. आज याच कामाचे पैसे देताना आपण भाजीवाल्याशी घालतो तशी घासाघीस करतो, आणि मग मुले या धंद्यात येत नाहीत म्हणून हळहळतो.

आता धनुकली जवळजवळ गेली, काटेरी रुळांचे विजेचे यंत्र आले. यंत्र वाईट नाही, पण त्याच्याकडून काम करून घेताना समोर उभे राहावे. एक तर यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचा कापूस अडकलेला असतो, तो साफ करायला सांगा. नाहीतर तुमच्या पांढऱ्या कापसात कोणाच्या तरी चिंध्यांचे लाल-निळे दोरे येतील. दुसरे, यंत्रातून दोनदाच काढायला सांगा. तीन-चार वेळा काढला की कापूस फुललेला दिसतो खरा, पण तंतू तुटतात आणि आखूड तुकड्यांचे गोळे पुन्हा लवकर होतात. तिसरे, कापूस घरून तोलून न्या आणि परत आल्यावर तोला. धूळ आणि कसर जाऊन थोडी घट येणारच. आमच्या अनुभवात किलोमागे पन्नास-साठ ग्रॅम. त्याहून फार जास्त आली तर शांतपणे विचारावे. अविश्वास म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

आम्ही ज्यांच्याकडे जातो ते चाचा सत्तरीच्या पुढचे आहेत. कापूस चिमटीत धरून, ओढून, उजेडाकडे पाहतात आणि ‘जान है इस में’ किंवा ‘नक्को, छोड दो’ एवढेच सांगतात. आमचा दुसरा आणि तिसरा ढीग त्यांच्या निकालाशी बहुतेक वेळा जुळतो. जुळला नाही तर त्यांचे ऐकतो.

जुना कापूस पुन्हा पिंजून वापरणे हे काही आपल्याच काटकसरीचे लक्षण नाही. जपानात कापसाच्या फुतोन गाद्या काही वर्षांनी उघडून कापूस पिंजून घेतात आणि नव्या खोळीत भरतात. त्याला तिकडे उचिनाओशी असा शब्दच आहे आणि ते काम करणारी दुकाने आहेत.

थर घालताना

पिंजलेला कापूस आणला की त्याच दिवशी भरू नये. चादरीवर पसरून रात्रभर राहू द्यावा. मग वजनाचा हिशेब. आपल्या हवेला चौरस फुटाला ३० ते ४० ग्रॅम कापूस पुरतो. पाच फूट बाय सात फुटांच्या एकेरी रजईला, म्हणजे ३५ चौरस फुटांना, साधारण एक ते दीड किलो. उत्तरेसारखी तीन-तीन किलोची रजई इथे कशाला? जयपुरी रजईचे कौतुक तिच्या हलकेपणाचेच आहे, आणि तो हलकेपणा कापूस वारंवार, पण अलगद मोकळा करण्यातून येतो.

एकच जाड थर घालण्यापेक्षा दोन पातळ थर घालावेत, पहिला उभा आणि दुसरा आडवा. असे केले की पहिल्यात जिथे कमी पडले तिथे दुसऱ्याचा जाड भाग येतो आणि दोष आपोआप झाकतो. एक कड जाड आणि दुसरी पातळ असेल तर वरचा थर उलटा फिरवून घाला. कापूस कात्रीने कापू नका, हाताने ओढून तोडा. कापलेली कड भिंतीसारखी उभी राहते आणि तिथे पुढे कंगोरा दिसतो. ओढून तोडलेली कड विरळ होत जाते आणि शेजारच्या कापसात मिसळते. कुठे खळगा असेल तर तेवढ्यापुरती मूठ कोंबू नये. खळग्याहून बोटभर मोठा पातळ झुबका करून वर ठेवावा आणि कडा बोटांनी पसराव्यात. मूठ कोंबली की आपणच नवा गोळा तयार करतो.

एक चूक फार जण करतात. थर खोळीपेक्षा चार बोटे लहान पडला की तो ओढून ताणतात. ताणलेला कापूस कडेला पोचतो, पण मध्ये झिरझिरीत होतो आणि तिथूनच फाटतो. कमी पडले तर पट्टी जोडा, ताणू नका.

भरण्याची जुनी पद्धत अजून सर्वांत सोपी. तीन बाजू शिवलेली खोळ उलटी करून अंथरायची, तिच्यावर थर पसरायचे, बंद बाजूकडून कापसासकट गुंडाळी करायची आणि मग उघडे तोंड गुंडाळीवरून उलटवून सुलट बाहेर काढायचे. वाचून गोंधळ होतो. एकदा उशीच्या अभ्र्यावर करून पाहा. त्यानंतर पातळ वेताच्या छडीने, अगदी हलक्या हाताने, सगळीकडे झोडायचे आणि कडेपासून टाके सुरू करायचे. खोळीला आत मांजरपाटाचे अस्तर असले तर कापूस टाक्यांच्या भोकांतून बाहेर येत नाही.

एका दुलईचा हिशेब

गौलीगुड्याचे आमचे जुने घर रिकामे केले तेव्हा आईंची दुलई निघाली. कुटुंबात दोन मते पडली. कोणी म्हणाले, आता हिला कोण पांघरणार, भंगारवाल्याला द्या. तीन नातवंडांनी मात्र ती आपल्याला हवी असे कळवले. एक पुण्याला, एक डलासला, एक इथेच मणिकोंड्याला. दुलई एक आणि वारस तीन. वाटणी आमच्याकडे आली.

उन्हाआधी वजन २ किलो ७०० ग्रॅम, दोन दिवसांनी २ किलो ५६० ग्रॅम. उजेडाला धरल्यावर मधोमध एक मोठा चौकोनी काळा डाग दिसला. आम्हाला वाटले एवढा गोळा कसा? उसवल्यावर उलगडा झाला. दुलईच्या पोटात एक आणखी जुनी, लहान दुलई होती, इरकली लुगड्याच्या कापडात शिवलेली. कधीतरी तिची खोळ विरली असेल तेव्हा आईंनी ती न उसवता तशीच आत घालून वरून नवा कापूस आणि नवी खोळ चढवली. असे पुष्कळ घरांत करत. गोळे सगळे त्या चौकोनाच्या कडेला होते, कारण वरचा कापूस त्या पायरीवरून घसरत राहिला. आत मात्र कापूस नीट होता, कारण तिथले टाके दोन-दोन बोटांवर होते.

चार ढीग असे झाले: पहिला ९०० ग्रॅम, दुसरा १ किलो १५० ग्रॅम, तिसरा ३८० आणि चौथा १३० ग्रॅम. पहिले दोन एकत्र पिंजून आणले ते १ किलो ९३० ग्रॅम भरले. तिघांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे ६४० ग्रॅम. त्यात तीन मोठ्या रजया झाल्या नसत्या. नवा कापूस घालावा का यावर घरात बराच खल झाला. घालायचा असेल तर तो पिंजतानाच मिसळावा. जुन्याचा एक थर आणि नव्याचा एक असे केले तर दोन्ही वेगवेगळे दबतात आणि सरकतात. पण आम्ही नवा घातलाच नाही. चार फूट बाय पाच फुटांच्या तीन लहान रजया केल्या, मांडीवर घेऊन वाचत बसायच्या मापाच्या. चौरस फुटाला ३२ ग्रॅम पडले. इरकलीचे धड राहिलेले तुकडे तिन्हींच्या अस्तराला मधोमध लावले. डलासची रजई नातवाने विमानात हातातल्या सामानातून नेली.

तयार शीटचे दोष

नव्या पिढीतल्या शिवणाऱ्या मुली सुटा कापूस वापरत नाहीत. त्यांना गुंडाळीतली तयार शीट हवी असते, तिलाच त्या बॅटिंग म्हणतात. तिचे दोष वेगळे आणि उपाय सोपे. गुंडाळीतून काढल्यावर घड्या असतील तर आदल्या दिवशी जमिनीवर सपाट पसरून ठेवा. सुती शीट असेल तर पाण्याचा हलका फवारा मारून, वर कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवता येते. पॉलिस्टरच्या शीटला इस्त्री लावू नका. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या.

तिरकी कापलेली किंवा लहान पडलेली शीट जोडताना एकावर एक चढवू नये, तिथे उंचवटा येतो. दोन्ही कडा सरळ करून कडेला कड भिडवावी आणि सैल हाताने, दोरा न आवळता, नागमोडी टाक्यांनी जोडावी. जोड रजईच्या मधोमध येऊ देऊ नये. भोक असेल तर शीटच्याच तुकड्यातून एक पातळ पापुद्रा सोलून वर ठेवावा. शीटच्या वेष्टनावर टाक्यांत किती अंतर चालेल ते छापलेले असते. ते वाचा, तेवढ्यापुरती छापील सूचना खरी असते.

तान्ह्या बाळासाठी रजई शिवणाऱ्या आज्यांना एक सांगायचे आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना मऊ, जाड, सुटे पांघरूण घालू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर आले तर बाळाला बाजूला करता येत नाही. जुन्या कापसाची धूळ हा आणखी एक प्रश्न. म्हणून बाळाची रजई जरूर शिवा, पण नव्या कापसाची, पातळ आणि जवळ टाक्यांची, आणि ती बाळ जागे असताना, आपण जवळ असताना जमिनीवर अंथरायला वापरा.

राहता राहिले धुणे आणि ठेवणे. सुट्या कापसाची रजई पाण्यात बुडवू नका, धुण्याच्या यंत्रात तर नाहीच. तीन महिन्यांत होणारे गोळे एका फेरीत होतील. वर काढता येणारी दुसरी खोळ चढवा आणि तीच धुवा. थंडी संपली की होळीच्या आसपास दोन उन्हे द्या, रजई उन्हातून काढून तासभर सावलीत निवू द्या आणि मगच सुती चादरीत सैल गुंडाळा. गरम असताना बांधली तर आत घाम धरते. प्लॅस्टिकची पिशवी नको, हवा शोषून चपटी करणारी पिशवी तर मुळीच नको. माळ्यावर ती सगळ्यांत वर ठेवा. श्रावणात एखादा उघडिपीचा दिवस मिळाला तर खाली काढून घडीची बाजू बदला, म्हणजे दरवर्षी त्याच जागी मोड पडत नाही.